पद्मिनी रोजच्या रस्त्यावर

वडिलांच्या पश्चात दुकान, घर आणि शेतजमीन यांची व्यवस्था आम्हा दोघा भावांत एका बैठकीत झाली. बैठक लांबली ती गाडीच्या विषयावर. ही गाडी म्हणजे १९८४ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी. त्या काळी नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे गाडी दारात आली, तेव्हा तिचा मान जावयाचा होता. पुढची चाळीस वर्षे तिने कापडाचे तागे वाहिले, कुंथलगिरीच्या यात्रा केल्या, दोन पिढ्यांच्या नववधू घरी आणल्या. २०२४ मध्ये तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत आली आणि निर्णय टाळणे अशक्य झाले.

धाकट्या बंधूंचे मत रोखठोक होते : भंगारात द्यावी, जागा मोकळी करावी. पुतण्याला ती नवा रंग देऊन, आच्छादनाखाली ठेवून लग्नसमारंभापुरती बाहेर काढायची होती. आई एवढेच म्हणाली, "चालत असेल तर ठेवा. नुसती उभी करणार असाल, तर मला रोज खिडकीतून ती बघायला लावू नका."

आईच्या या बोलण्यात यंत्रशास्त्रही होते, हे आमच्या जुन्या मिस्त्रींनी समजावले. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आटून चिकट थर धरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. रबरी सील सुकतात, बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात. गाडी जपायची असेल, तर ती रोज चालवावी लागेल. आणि रोज चालवायची असेल, तर आजच्या रहदारीत ती भरवशाची हवी. अखेर दुरुस्तीचा खर्च माझ्या खात्यातून करायचा, या अटीवर बंधूंनी संमती दिली.

आम्हा सोलापूरकरांचा या गाडीशी आणखी एक ऋणानुबंध आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज आणि विमान यांच्याबरोबर मोटारही या देशात व्हावी, असा ध्यास घेतला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचे हिंदी रूप तिथे घडले आणि तेच पुढे पद्मिनी या नावाने घराघरांत पोहोचले. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

कामाचा क्रम मिस्त्रींनी ठरवला : आधी थांबणे, मग वळणे, मग चालणे आणि सर्वांत शेवटी दिसणे. चारही चाकांचे ड्रम तपासून ब्रेक शू, सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या घातल्या. पुढचे किंगपिन-बुश बदलले, मागचे पाटे उतरवून बसवले. जुन्या वायरिंगचे आवरण जागोजागी तडकले होते. ते सगळे काढून नवे ओढले आणि हेडलाइटसाठी रिले बसवले. मूळ गाडीत सीटबेल्ट नव्हते. ते नुसत्या पत्र्याला न लावता, आतून जाड पट्ट्या जोडून त्यांना पक्के केले. मजबुतीसाठी सतरंजीखालचा कुजलेला पत्रा कापून नवा लावावा लागला.

१०८९ सीसीचे इंजिन मात्र तेच ठेवले. स्टिअरिंगशेजारचा गिअरचा दांडाही तोच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतले. सोलापूरच्या उन्हाळ्यात या गाडीची एक खोड प्रसिद्ध होती. नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, पंप वाफच ओढत राही आणि गाडी भर चौकात थांबे. वडील त्यासाठी दुकानातला मांजरपाटाचा तुकडा गाडीत ठेवत. तो भिजवून पंपावर टाकला, की थोड्या वेळाने इंजिन पुन्हा बोलू लागे. आता पेट्रोलची नळी गरम भागांपासून दूर नेली आहे. या वैशाखात गाडी एकदाही अडली नाही. तरी तो तुकडा आम्ही काढलेला नाही.

सवयीप्रमाणे मी या कामाची वेगळी वही ठेवली. काम संपल्यावर बेरीज केली, तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या कामापेक्षा न दिसणाऱ्या कामाची रक्कम दुपटीहून अधिक निघाली. बंधूंनी वही चाळली, चष्मा पुसला आणि निम्मी रक्कम स्वतःच्या खात्यावर लिहिली.

तपासणी झाली, पर्यावरण कर भरला, पुढील पाच वर्षांची नोंदणी मिळाली. आता गाडी रोज सकाळी नवी पेठेत दुकानावर जाते. संध्याकाळी आई पुढच्या सलग आसनावर बसून सात रस्त्यापर्यंत फेरी मारते. नव्या गाडीत तिला खोल खड्ड्यात बसल्यासारखे वाटते. इथे गुडघे दुखत नाहीत, असे ती सांगते.

२०३४ मध्ये गाडीला पन्नास वर्षे होतील. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. मात्र अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मान मिळेल, पण काम सुटेल. तो निर्णय पुतण्याला घ्यावा लागेल. तोवर दर रविवारी तेल आणि पाणी बघण्याचे काम मी त्याच्याकडे सोपवले आहे.