मामाच्या गावचा उन्हाळा

मे महिन्याच्या सुटीत मामाच्या गावाला जायचे, ही आपल्याकडची जुनी चाल. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे मामा कोकणात असत. ती मुले आंबे-फणस खाऊन, समुद्राचा वारा पिऊन परत येत. माझा मामा मात्र अहमदाबादच्या एका कापडगिरणीत हिशेबनीस होता. त्यामुळे ज्या महिन्यात शहाण्या माणसाने त्या शहराकडे पाठ फिरवावी, नेमका त्याच महिन्यात मी तिथे जाऊन दाखल होत असे.

सतराव्या शतकात जहांगीर बादशहा या शहरात काही महिने राहिला आणि धुळीला, उकाड्याला व आजारपणाला इतका वैतागला, की त्याने आपल्या आठवणींत शहराला नावेच ठेवली. 'गर्दाबाद' हे त्यातले सौम्य. 'समूमिस्तान', म्हणजे पोळणाऱ्या वाऱ्याचा मुलूख, हे त्याच्या पुढचे. 'जहन्नमाबाद' हे तर शेवटचेच! बादशहाला पोळातल्या माझ्या मामीच्या हातचे ताक मिळाले नसावे, एवढेच मी त्याच्या बाजूने म्हणेन.

पण २०१० नंतर मीसुद्धा उन्हाळ्यात तिकडे फिरकलो नव्हतो. त्या वर्षी मे महिन्यातच मामा गेला. २१ मे रोजी शहरात पारा ४६.८ अंशांवर चढला होता. त्याच आठवड्यात, रात्री, वरच्या माळ्यावर झोपेत त्याची प्राणज्योत मालवली. उन्हात तो गेला नव्हता. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद झाली आणि सत्तरीचा माणूस म्हटल्यावर कोणी अधिक विचारले नाही. स्मशानात आम्हाला बराच वेळ खोळंबावे लागले. आमच्यापुढे रांग होती. त्या वेळी तो मला निव्वळ योगायोग वाटला.

२०२४ च्या मे महिन्यात आईने मला बोलावून घेतले. "वहिनी ऐंशीची झाली. मूलबाळ नाही. या उकाड्यात ती एकटी नको. तू जा आणि तिला घेऊनच ये." मोहिमेचा हुकूम असा स्पष्ट होता. मी रात्रीच्या गाडीत बसलो आणि सकाळी काळुपूर स्टेशनावर उतरलो.

युनेस्कोने २०१७ साली या जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला आहे. पण पोळाला त्याचे काही नाही. तीच अरुंद गल्ली, तोच पाखरांचा चबुतरा, तेच एकमेकांच्या सावलीत उभे राहणारे लाकडी सज्जे. जुन्या लोकांनी गल्ल्या अरुंद ठेवल्या त्या जागेच्या कंजूषपणाने नव्हे, हे मे महिन्यात डोक्यावर पिशवी धरून चालताना कळते.

"आलास? आधी पाणी पी. आज नारिंगी आहे," मामींनी दारातच सांगितले.

मला वाटले, सरबत नारिंगी आहे. नंतर उलगडा झाला, की हा हवामानाचा रंग. पारा ४१ च्या वर गेला, की पिवळा इशारा, ४३ च्या वर नारिंगी आणि ४५ ला पोहोचला, की लाल. आमच्या मामी, ज्यांनी आयुष्यात पंचांगाखेरीज दुसरे भविष्य मानले नाही, त्या आता सकाळी उठून दिवसाचा रंग विचारतात.

"आणि वर जाऊन बघ. महापालिकेच्या माणसांच्या सांगण्यावरून गच्चीला चुना लावलाय."

महापालिकेच्या नावाशी चुना लावण्याचा संबंध आला आणि तरी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान आहे, असा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिलाच! वर गेलो. डोळे दिपतील अशी पांढरीशुभ्र गच्ची. काळपट गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते खालच्या खोलीत ओकते. पांढरी गच्ची बरेचसे ऊन आल्या पावली परत पाठवते. खालच्या खोलीत काही अंशांचा फरक पडतो. मामा ज्या खोलीत गेला, तिच्याच डोक्यावर मी उभा होतो. चुन्याचे एक पोते आणि दोन कुंचले! मला तिथे फार वेळ उभे राहवेना.

परतल्यावर मी या प्रकरणाचा माग काढला. मराठीचा मास्तर आकड्यांत रमत नाही, पण हे आकडे चुकवता येण्यासारखे नव्हते. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत ४,४६२ मृत्यूंची नोंद झाली होती. एरवीच्या हिशेबाने ते ३,११८ च्या आसपास असायला हवे होते. म्हणजे १,३४४ माणसे जास्तीची गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या दाखल्यांवर ऊन हा शब्दही नसावा. माझा मामा त्या १,३४४ त होता की नाही, हे कोणीही सांगू शकणार नाही. जास्तीच्या मृत्यूंना नावे नसतात, असते ती नुसती वजाबाकी. हिशेबनिसाच्या वाट्याला असा हिशेब यावा!

पण त्या शहराने ती वजाबाकी मांडली आणि पुढचे सारे तिच्यातून निघाले. २०१३ साली महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने आणि परदेशी विद्यापीठांतल्या संशोधकांनी अभ्यास पुरवला, हवामान खात्याने अंदाज पुरवला. मात्र अंदाज कागदावर राहिला, तर त्याने कोणाची तहान भागत नाही. म्हणून तो आशा कार्यकर्त्यांच्या हाती दिला, दवाखान्यांना कळवला, नाक्यानाक्यांवर पाणपोया लावल्या, दुपारी बागा उघड्या ठेवल्या. शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर होता. तो खाली आणला आणि उष्णतेने आजारी पडणारी बाळे कमी झाली. झोपडपट्ट्यांतल्या पत्र्यांवर पांढरा रंग चढवण्यात महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायका पुढे होत्या.

गुण किती आला? २०१६ च्या २० मे रोजी पारा ४८ वर गेला. १९१६ सालचा उच्चांक मोडला. तरी २०१० ची पुनरावृत्ती झाली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की आराखड्यानंतर वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. आमच्या नागपूरनेही २०१६ मध्ये हा धडा गिरवला.

दुसऱ्या दिवशी रंग लाल होता. सकाळी दहाला आशाबेन दारात हजर. "बा, पाणी पिता ना? चक्कर नाही ना? लघवी होते ना?" तीन प्रश्न, पाच मिनिटे, मिठा-साखरेच्या दोन पुड्या. निघताना त्यांनी माझ्याकडेही संशयाने पाहिले आणि एक पुडी मलाही दिली.

दुपारी एक वाजता गल्लीतून भाजीची हातगाडी गेली. मामींनी वरून हाक मारून गाडीवाल्याला सज्जाच्या सावलीत बसवले, ताक दिले. मी त्याला आपला मास्तरी उपदेश केला, "बारा ते चार बाहेर पडू नये म्हणतात." तो हसला. "साहेब, बारा ते चार घरी बसलो, तर चारनंतर खाऊ काय?" आराखड्यातल्या कोणत्याच रंगात याचे उत्तर नव्हते. पाणपोई तहान भागवते, बुडालेली मजुरी नाही. एवढे काम अजून उरले आहे, आणि ते साधे नाही.

संध्याकाळी मी मोहिमेचा विषय काढला. मामी शांतपणे म्हणाल्या, "पुण्यात तुम्ही दोघे कॉलेजात जाणार. मी चौथ्या मजल्यावर, दार बंद. मला चक्कर आली, तर कोण विचारील? इथे दहा वाजता बेन येते. ती आली नाही, तर समोरची हाक मारते. मी खिडकी उघडली नाही, तर अख्खा पोळ वर येतो."

मी गप्प बसलो. आमच्या इमारतीत शेजारच्या घरातल्या म्हातारबुवांचे नावही मला ठाऊक नव्हते.

"तुझ्या मामाच्या वेळी हे नव्हते रे," त्या हळूच म्हणाल्या. पंखा फिरत राहिला.

मी एकटाच परतलो. आईने विचारले, "वहिनी कुठे?" मी म्हटले, "ती सुखरूप आहे." मग हात-पाय धुतले आणि शेजारच्या दाराची घंटा वाजवली. म्हातारबुवांनी दार उघडले. मी विचारले, "आजोबा, पाणी पिता ना?"