संथ धार

गेल्या आषाढात आष्ट्यातील आमच्या घरी एक लहानसे संकट उद्भवले. थोरांच्या चरित्रांत शोभावे असे ते नव्हते. परंतु त्याने आम्हांस जे शिकविले, ते विद्यार्थिमित्रांच्या कानी घालणे आम्हांस इष्ट वाटते.

आमच्या मातोश्री अंथरुणास खिळून आहेत. त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, व या कामी वॉशिंग मशीन हाच घराचा मोठा आधार. हे यंत्र हळूहळू मंदावत गेले. पूर्वी चार-पाच मिनिटांत जे पाणी भरत असे, त्यास वीस मिनिटे लागू लागली. कित्येकदा तर यंत्र वाट पाहून मध्येच बंद पडे व शीळ घालू लागे. मग उरलेल्या चादरी आमची पत्नी रात्री मोरीत बसून हाताने धुवी.

आम्ही कारण तत्काळ सांगून मोकळे झालो. "गच्चीवरची टाकीच लहान, पाण्याला जोर कोठून येणार? दिवाळीनंतर मोठी बसवू." एवढा निवाडा देऊन आम्ही वह्या तपासावयास बसलो. असे तीन आठवडे लोटले.

एके सायंकाळी नववीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने विचारले, "बाबा, टाकी मोठी केल्यानं दाब कसा वाढेल? दाब पाण्याच्या उंचीवर असतो, टाकीच्या आकारावर नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

आम्ही निरुत्तर झालो. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचे नाव आम्ही फळ्यावर वर्षानुवर्षे लिहीत आलो. गच्चीपर्यंत मात्र ते कधी नेले नाही! कन्येने कागदावर हिशेब मांडला. दहा मीटर उंच पाण्याचा दाब सुमारे १ बार. आमच्या टाकीचा तळ यंत्राहून चार मीटर उंच, म्हणून दाब सुमारे ०.४ बार. यंत्राच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार पुरे, असे छापलेले. टाकी निर्दोष ठरली.

मग आम्ही क्रमाने शोध आरंभिला. नळाची चावी पूर्ण उघडी होती. यंत्रामागील रबरी नळी भिंतीशी दुमडलेली नव्हती. नळीचे यंत्राकडील टोक सोडवून ते दहा लिटरच्या बादलीत धरले, तो बादली मिनिटाच्या आत भरली. म्हणजे पाणी यंत्राच्या दारापर्यंत सुखरूप येत होते. अडथळा दाराशीच होता.

नळ व वीज दोन्ही बंद करून यंत्राच्या पाठीमागे पाहिले. जेथे नळी जोडतात, तेथे विजेने उघडणारी झडप असते, व तिच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी. ती पकडीने अलगद ओढून काढली. आमच्या कूपनलिकेचे पाणी जड. त्याचा पांढरा थर व बारीक रेती यांनी जाळीची बहुतेक छिद्रे बुजली होती. जुन्या दातांच्या ब्रशाने ती घासली, अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली व धुऊन जागी बसविली. शेजारच्या एका गृहस्थांनी जाळी फेकूनच देण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही. कारण जाळी नसता रेती झडपेत शिरते, झडप नीट मिटत नाही, व मग पाणी यंत्र बंद असतानाही आत झिरपत राहते.

नळ उघडला. पूर्वीचा तो भरभर आवाज ऐकून पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ओले हात पदरास पुशीत तिने क्षणभर यंत्राकडे पाहिले व म्हणाली, "एवढंच होतं?"

तिच्या त्या हातांवर सोड्याने भेगा पडल्या होत्या. त्या आमच्या दृष्टीस त्या दिवशी प्रथमच पडल्या.

विद्यार्थिमित्रहो, जाळी स्वच्छ करण्यास तासभरही लागला नाही. तीन आठवडे लागले ते आमचे उत्तर चुकले असेल, हे मनात येण्यास. परीक्षेत चुकीच्या उत्तराची शिक्षा ज्याची त्याला मिळते; घरी ती दुसऱ्याला भोगावी लागते. म्हणून आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती जाळी स्वतः काढून धुतो.