अक्षता पडताना

"भाऊ, बाकी समदं झकास चालतंय. नेमकं अक्षताच्या वक्ताला अडकायलीय."

पैठण तालुक्यातून एसटीने आलेले ते गृहस्थ काउंटरवर लग्नाची डिस्क ठेवून उभे होते. लग्नसराई, त्यात मे महिना. औरंगाबादेत पैठण गेटमागच्या गल्लीतल्या आमच्या दुकानाचा पत्रा दुपारी असा तापायचा की कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर चटका बसायचा. मी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरून पाहिली. ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही. "खराब डिस्क लागली असेल, दुसरी मारून देतो," म्हणालो. पंधरा मिनिटांत दुसरी दिली, चहा पाजला, पाठवलं.

चार दिवसांनी ते परत आले. तीच जागा. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं संपत आलीत, 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या की चित्राची चौकोनी ढेकळं होतात आणि प्लेअर गप्प. मी या वेळी दुसऱ्या कंपनीची कोरी डिस्क घेतली आणि वेग निम्म्यावर आणून लिहिली. ती घेऊन ते गेले आणि आठवड्याने तिसऱ्यांदा आले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "आमच्याच लग्नाला काही दोष हाय का?"

त्या रात्री मला पहिल्यांदा साधी गोष्ट सुचली. तीन वेगळ्या डिस्कवर ओरखडा एकाच सेकंदाला कसा पडेल? डिस्क खराब असती तर दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकली असती. अडकते आहे ती डिस्क नाही, अक्षताच अडकताहेत.

पुढचं सांगण्याआधी थोडं शब्दांबद्दल. गिऱ्हाईक म्हणायचं 'सीडी मारून द्या', मग ती सीडी असो की डीव्हीडी. आम्ही म्हणायचो 'राईट करतो'. सॉफ्टवेअर म्हणायचं 'बर्न'. तिघांपैकी सॉफ्टवेअरच खरं बोलत होतं. कोऱ्या डिस्कच्या पोटात रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर त्याला ठिकठिकाणी भाजतो. भाजलेले आणि न भाजलेले ठिपके, एवढीच ती लिपी. आणि भाजायचं म्हटलं की आच आली. प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, त्यामुळे प्रत्येक डिस्कला लागणारी आचही वेगळी. म्हणून ड्राइव्ह लिहायला घेण्याआधी डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, त्यासाठीच राखून ठेवलेल्या जागेत, लेसर कमीजास्त करून पाहतो. आई भाकरी टाकण्याआधी तव्यावर पाण्याचा हबका मारून पाहायची, तेच हे. चर्र आवाज नीट आला नाही तर ती भाकरी टाकायची नाही. ड्राइव्हला अंदाज आला नाही तर पडद्यावर लाल फुली यायची: 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'. नव्या पोरांना वाटायचं, लाइटचा प्रॉब्लेम आहे. लाइटचा नव्हे, तव्याचा. लेन्सवर धूळ बसलेली असायची, लेसर म्हातारा झालेला असायचा, किंवा नावाजलेल्या ब्रँडच्या वेष्टनात भलतीच डिस्क आलेली असायची. डिस्कवर खरा उत्पादक कोण त्याचा संकेत कोरलेला असतो आणि तो वाचणारी छोटी सॉफ्टवेअरं फुकट मिळायची. पन्नासच्या गठ्ठ्यातली एक डिस्क आधी त्यात घालून बघायची, मग गठ्ठा विकत घ्यायचा, हे मी एक आख्खा गठ्ठा कचऱ्यात गेल्यावर शिकलो.

पण अशा चुका सज्जन असतात. तोंडावर सांगतात, डिस्क वाया घालवतात आणि विषय संपवतात. अक्षतांची चूक तशी नव्हती. तिन्ही वेळा नीरो या बर्निंग सॉफ्टवेअरने मला 'बर्न प्रोसेस कम्प्लिटेड सक्सेसफुली' असंच सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. मी दिलेला माल त्याने डिस्कवर जसाच्या तसा उतरवला होता. मालच चुकीचा होता.

डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबलेलं असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं. ती सगळी पूर्ण साठवायची म्हटली तर मिनीडीव्हीच्या एका तासाच्या टेपलाच १३ जीबी लागतात आणि डिस्क आहे ४.७ जीबीची. म्हणून साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहायचं. भटजी बसलेत, मांडव जागच्या जागी आहे, वधूपिता हात जोडून आहेत, अशा दृश्यात बदलतं काय? ओठ आणि धूर. माहिती थोडी लागते. आता अक्षता आठवा. आमच्याकडे तांदळाबरोबर ज्वारीच्याही टाकतात, कुंकवात नाहीतर हिरव्या-पिवळ्या रंगात घोळवलेल्या. चारशे माणसं एकाच क्षणी मूठ उघडतात. हजारो दाणे, प्रत्येकाचा वेग वेगळा, वाट वेगळी. त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश, अंतरपाट खाली येतोय, हारासाठी हात उठताहेत, मागे ताशा सुरू. आधीच्या चित्रातलं पुढच्या चित्रात काहीच टिकत नाही. सगळंच नवं, सगळंच लिहायला हवं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने अख्ख्या लग्नातला सगळ्यात महागडा क्षण तोच, आणि माणसांच्या दृष्टीनेही तोच.

डीव्हीडीच्या नियमात चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट आणि चित्र, आवाज सगळं मिळून १०.०८ एवढीच परवानगी आहे. मी चित्राची कमाल ठेवली होती ९. वर आवाज न दाबता कच्चा ठेवलेला, का तर सनई छान वाजावी. कच्च्या आवाजाला लागतात दीड मेगाबिट. एरवी चित्र चार-पाचवर चालायचं, म्हणून काही कळत नव्हतं. अक्षता पडल्या की ते नऊला भिडायचं, त्यात दीड मिळाले की साडेदहा. माझ्या कॉम्प्युटरला त्याचं काहीच वाटत नव्हतं. शहागंजच्या बाजारातून घेतलेल्या त्यांच्या स्वस्त प्लेअरला मात्र तेवढा घास गिळता येत नव्हता.

मी कमाल साडेसातवर आणली, आवाज डॉल्बीत दाबून अडीचशे किलोबिटवर नेला आणि चौथी डिस्क दिली. ते गृहस्थ पुन्हा आले ते धाकट्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर घेऊन. त्या ऑर्डरीत मी त्यांच्याकडून अॅडव्हान्स घेतला नाही. लाज वाटली.

तेव्हापासून दुकानात एक जुना टीव्ही आणि बाजारातला सगळ्यात स्वस्त प्लेअर कायमचा मांडला. टीव्ही आपल्या पैठण रोडवरच्या चितेगावात बनलेला व्हिडिओकॉनचा, पाठीला मोठं पोट असलेला. नियम एकच. डिस्क या जोडीवर अक्षतांपाशी चालवून पाहिल्याशिवाय पिशवीत जाणार नाही. शेजारचे दुकानदार हसायचे, पण त्या टीव्हीने कॉम्प्युटरच्या पडद्यावर कधीच न दिसलेल्या चुका दाखवल्या. वरातीत नाचणारी मंडळी थरथरताना दिसली तर समजायचं, फील्डचा क्रम उलटा झालाय. टीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असतं, आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या. मिनीडीव्हीत खालचा अर्धा आधी येतो, बऱ्याच कॅप्चर कार्डांत वरचा. एकाला दुसरं समजलात की नाचणारा माणूस एक पाऊल पुढे, एक मागे, पुन्हा पुढे असा दिसतो. उभा माणूस मात्र ठीक. म्हणून तपासायचं वरातीत, व्याख्यानात नव्हे.

आवाज मागे पडण्याचं दुखणं व्हीएचएस कॅसेटवरून उतरवताना जास्त. टेप जुनी, कुठे बुरशी, कुठे सुरकुती. हार्डडिस्क भरत आलेली असली की कॅप्चर करताना एखादं चित्र निसटतं. एक निसटलं तर कुणाच्या लक्षात येणार? पण तासाभरात पन्नास निसटली की पुरते दोन सेकंद गेले. आवाज अखंड उतरतो, चित्र आखूड होतं. मग नवरा हार घालून मोकळा होतो आणि मागून भटजी 'सावधान' म्हणतात. गिऱ्हाइकांना हे विनोदी वाटतं, दुसऱ्याच्या लग्नात. यावर आवाज ओढून-ताणून जुळवणं हा खोटा इलाज. अर्ध्यात जुळतो, पुन्हा सुटतो. टेप गुंडाळून पहिल्यापासून उतरवायची, मध्ये कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हाच खरा.

लोडशेडिंगचे दिवस आठवतात. ड्राइव्हला माहिती वेळेत पोचली नाही तर तो थांबून पुन्हा जोडून घ्यायला शिकला होता, पण वीजच गेली तर कुणाचं काही चालत नाही. यूपीएसची बॅटरी मे महिन्यात किती मिनिटं तग धरेल हे ज्योतिषालाही सांगता आलं नसतं. मी भिंतीवर विजेचं वेळापत्रक चिकटवून त्याप्रमाणे कॉप्या मारायचो: वरपक्षाची, वधूपक्षाची, मामांची, आणि हटकून एक रुसलेल्या आत्याची. सलग सहा डिस्क झाल्या की ड्राइव्ह उघडून पंख्यासमोर ठेवायचा.

डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचं गोल स्टिकर चिकटवायची तेव्हा फॅशन होती. कागद उन्हाने आकसतो, डिस्क किंचित वाकते, तोल जातो आणि शेवटचा भाग वाचता येत नाही. मी नको म्हणायचो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून चिकटवून आणायचं आणि चालत नाही म्हणून मलाच दाखवायचं.

एका गोष्टीची मला अजून गंमत वाटते. डीव्हीडी प्लस-आर ही मायनस-आरपेक्षा जवळपास सात एमबीने लहान असते. मायनसवर काठोकाठ बसलेलं लग्न प्लसवर बसत नाही. दोन जातींच्या डिस्क एकाच गठ्ठ्यात मिसळल्या होत्या आणि मी दोन दिवस कॉम्प्युटरला शिव्या देत बसलो होतो. न्यू जर्सीला पाठवायच्या डिस्क हे आणखी एक प्रकरण. तिकडचा टीव्ही एनटीएससी, आपला पाल. फोन यायचा, "काका, नुसतं काळं दिसतंय." जावयाला सांगायचं, लॅपटॉपवर बघा, तोपर्यंत मी वेगळी पाठवतो.

काठोकाठ भरण्याच्या सवयीचे मात्र आता भोग आलेत. पाच तासांच्या लग्नाचं तीन तासांत मिक्सिंग करून वर एकाच डिस्कवर बसवा म्हणायचे. तीन तास म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट, हळदीच्या पिवळ्यात ढेकळं दिसणारच. तरी बसवायचो. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. आत गणेशपूजन, मध्ये हळद आणि अक्षता, अगदी बाहेरच्या कडेला पाठवणी. ती कडच सगळ्यात नाजूक. रंगाचा थर तिथे कमीजास्त, डिस्क डगमगते तिथे, बोटं लागतात तिथे. त्यात घाई म्हणून १६ एक्स वेगाने लिहिलेलं.

आता त्या डिस्क परत येतात. शहराचं नाव बदललं, मेनूच्या पानावर मी सोनेरी अक्षरांत लिहिलेलं 'औरंगाबाद' तसंच आहे. कोऱ्या डिस्क बनवणारी मोझर बेअर २०१८ मध्ये मोडीत निघाली. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नसते. लोक म्हणतात, "काका, पेनड्राइव्हवर टाकून द्या, पोरीला बघायचंय." ती पोर त्या लग्नानंतरची, आता बारावीत. मूळ टेप विचारायची सोय नाही, कारण शूटिंगवाले मिनीडीव्हीची तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायचे. माझ्या हातची डिस्क हीच एकमेव प्रत, आणि तिच्यात चूक असेल तर ती माझीच.

मागच्या महिन्यात तशीच एक आली. पावणेतीन तास व्यवस्थित, मग पाठवणीला थांबली. मी सांभाळून ठेवलेले चार ड्राइव्ह काढले. एकाला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला कधीकधी येतं, नवरी ओळखत नसलेली पाहुणी आत्याने ओळखावी तसं. वेग कमीत कमी ठेवला, जे सेक्टर वाचता येतील ते उतरवायचे आणि उरलेल्यांकडे पुन्हा पुन्हा जायचं, असं लावून शटर ओढलं. सकाळी पाठवणी आली होती, मधले अकरा सेकंद सोडून. नवरीची आई गाडीच्या काचेवर हात ठेवते, मग काळं, मग गाडी कोपऱ्यावर वळलेली.

डिस्क घेऊन आलेल्या बाईंना मी ते अकरा सेकंद आधीच सांगून टाकले. त्यांनी मान हलवली, पण बघायचं म्हणाल्या ते अक्षतांचं. मी जुन्या टीव्हीवर लावलं. त्या आणि त्यांची मुलगी पडद्याकडे बघत होत्या. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि माझी नजर सवयीने प्लेअरच्या हिरव्या आकड्यांवर गेली. सेकंद पुढे सरकत होते.