तंजावूर: सरळ रेषेत हजार किलोमीटर

तंजावूर, 10 जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना नकाशावर पट्टी ठेवून तुम्ही विचारलं होतंत, "नेमकं किती लांब?" सरळ रेषेत पुण्याहून साधारण 1,030 किलोमीटर. जेट विमान ताशी 800 किलोमीटरने जातं, म्हणजे हिशेबाने सव्वा तास. मला दारातून दारात अकरा तास लागले.

इथला विमानतळ हवाई दलाचा आहे. 2020 पासून तिथे सुखोईंचं पथक आहे. प्रवाशांनी उतरायचं ते तिरुचिरापल्लीला. मी चेन्नईवरून आले. पुणे ते चेन्नई हवेतून 900 किलोमीटरच्या थोडं वर, पण लागतात पावणेदोन तास. धावपट्टीपर्यंत रांगणं, वर चढणं आणि उतरण्याआधी वेग आवरणं, सगळं त्यातच येतं. चेन्नईत चार तास बसून काढले. पुढे पंख्यांचं छोटं विमान, 300 किलोमीटरला तासभर. मग मोटार. शेवटच्या त्या 55-60 किलोमीटरमध्ये कावेरीचे कालवे आणि पिकलेला भात पाहिला, तेव्हा कुठे लांब आल्यासारखं वाटलं.

तंजावूर, 12 जानेवारी

ती. बाबांस,

आज बृहदीश्वराच्या देवळात होते. राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ 1010 साली पुरं झालं. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरला आहे, 1803 सालचा, आणि तो मराठीत! अक्षर अन् अक्षर लावत उभी राहिले. डोळे भरून आले, हे तुम्हालाच सांगते.

तो कोरवला इथे राज्य करणाऱ्या त्याच भोसले घराण्यातल्या सरफोजी राजांनी. जगाचा भूगोल गाण्यांतून सांगणारं 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठी नाटकही त्यांचंच. भविष्य सांगणारी कोरवंजी त्यात देशोदेशींची माहिती देते. राजे स्वतः 1820 च्या सुमारास काशीला गेले, सुमारे तीन हजार माणसं घेऊन. इथून काशी सरळ रेषेत साडेसोळाशे किलोमीटर, पण तेव्हा वाट होती ती जमिनीवरून, मुक्काम करत.

देवळातून निघाल्यावर भोसल्यांच्या राजवाड्याजवळ एक आजोबा भेटले. घरात मराठी बोलतात, महाराष्ट्र कधी पाहिलेला नाही. पुण्याहून आले म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "किती वेळ लागला?" अकरा तास ऐकून म्हणाले, "मग आमच्याकडे कुणी का येत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. पायी महिने लागत तेव्हा आपली माणसं इथे आली, राहिली, भाषा जपली. आता एका दिवसात पोचता येतं आणि आपण येत नाही, हे मला फार लागलं.

पुढच्या थंडीत तुम्ही याच. चेन्नईला एक रात्र मुक्काम करा, गुडघ्यांना सोसेल. आणि देवळात सकाळी नऊच्या आत चला. नंतर दगड तापतो, अनवाणी उभं राहून लेख वाचता येत नाही.

तुमची,
लेक