आठाचा आकडा : इंग्रजी शब्दजाती आल्या कुठून?

१/ ‘पार्ट्स ऑफ स्पीच आठ’ हे पाठ न केलेला विद्यार्थी महाराष्ट्रात विरळाच. परंतु हे आठ कोणी ठरवले? आणि ते इंग्रजीसाठीच ठरवले होते का? #थ्रेड

२/ मूळ ग्रीक आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग येतात. विशेषणाला त्यांत स्वतंत्र स्थान नाही. ते नामातच मोडते.

३/ रोमन वैयाकरणांनी ही व्यवस्था लॅटिनला लावली. लॅटिनमध्ये उपपद नाही, म्हणजे वर्ग सातच उरायचे. त्यांनी उद्गारवाचक शब्दांचा निराळा वर्ग केला आणि आठाचा आकडा राखला.

४/ १५८६ मध्ये विल्यम बुलोकर याने इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण काढले. साचा अर्थातच लॅटिनचा.

५/ खरी अडचण क्रियापदापाशी आली. लॅटिनमध्ये प्रत्यय पाहिला की शब्दाची जात बहुधा कळते. जुन्या इंग्रजीतही ‘लुफु’ हे नाम आणि ‘लुफियन’ हे क्रियापद वेगळे ओळखू येत. पुढे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचे ‘लव्ह’ झाले. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, आणि झाडांना पाणी घालणे हेही ‘वॉटर’च. जात आता रूपावरून नव्हे, वाक्यातील स्थानावरून कळू लागली.

६/ हे ओळखणाऱ्यांत गणितज्ञ जॉन वॉलिस होता. १६५३ च्या त्याच्या व्याकरणाची भाषा लॅटिन. तरी लॅटिनचे नियम इंग्रजीवर लादू नयेत, हा त्याचा आग्रह. क्रियापदाच्या रूपातून दिसणारे काळ दोनच, वर्तमान आणि भूत; भविष्यासाठी ‘शॅल’ व ‘विल’ यांचे साहाय्य घ्यावे लागते, हे त्याने दाखवले.

७/ शाळांत मात्र जुनाच साचा टिकला. १७९५ मध्ये लिंडली मरे याचे पाठ्यपुस्तक आले आणि अफाट खपले. त्यात वर्ग नऊ आहेत, कारण उपपद स्वतंत्र मोजले आहे. आकडा किती लवचीक आहे, ते येथे दिसते.

८/ आपल्याकडे यास्काने पदांचे चार प्रकार मानले. पाणिनीने सुबन्त व तिङन्त हे दोन. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्रजी शिक्षणाचा काळ सुरू झाला होता. आज शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आठ शब्दजातींची नावे संस्कृत वळणाची, पण मांडणी युरोपीय आहे. आपले ‘केवलप्रयोगी अव्यय’ म्हणजे रोमनांनी आठाची भरती करण्यासाठी आणलेला तोच वर्ग.

९/ तेव्हा सुटा ‘राउंड’ समोर ठेवून त्याची जात विचारली आणि विद्यार्थी गप्प राहिला, तर तो कच्चा ठरत नाही. नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अशी पाचही कामे तो शब्द करतो. विद्यार्थ्याने आधी वाक्य मागावे. तो त्याचा हक्क आहे.