मर्यादित आवृत्ती

जपानी भाषेत कापूस भरून केलेल्या खेळण्याला 'नुइगुरुमी' म्हणतात. 'नुइ' म्हणजे शिवणे आणि 'कुरुमी' म्हणजे गुंडाळणे. शिवून गुंडाळलेले ते नुइगुरुमी. आमच्याजवळ अशी अकरा नुइगुरुमी आहेत. त्यांपैकी दहा शिवून गुंडाळल्यावर पुन्हा एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आहेत. हे दुसरे गुंडाळणे कारखान्यात झाले. ते न सोडण्याचे काम मात्र आम्ही स्वतः मोठ्या निष्ठेने करीत आलो आहो.

ही बाजारात ढिगाने मिळणारी खेळणी नव्हेत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. नाही तर आमच्या घरी बालवाडी चालते असा वाचकांचा समज व्हायचा! त्यांचे कुळ टोकियोतील हाराजुकूच्या मागच्या गल्ल्यांतले आहे. १९९३ साली निगो आणि जुन ताकाहाशी या दोन तरुणांनी तेथे 'नोव्हेअर' नावाचे लहानसे दुकान उघडले. निगोच्या 'अ बेदिंग एप' या नाममुद्रेचे सदरे पहिल्या दिवसांत अगदी थोडे निघत आणि त्यांतलेही पुष्कळसे मित्रमंडळींत वाटले जात. जी वस्तू मागून मिळत नाही, तिच्यासाठी माणूस रांगेत उभा राहतो, हा शोध त्या गल्लीला तेव्हा लागला. पुढे सदऱ्यांवरची चित्रे सदऱ्यांवरून खाली उतरली आणि खेळणी झाली. निगोचे 'बेबी मायलो' नावाचे माकडाचे पोर कापूस भरून घेऊन बसले. ओसाकात जन्मलेल्या वर्डी नावाच्या चित्रकाराने अर्धा पांडा आणि अर्धा ससा असा 'विक' निर्माण केला. जपानी परंपरेतील चित्रकलेत डॉक्टरेट मिळविलेल्या ताकाशी मुराकामींचे हसरे फूल उशीसारखे गुबगुबीत होऊन लोकांच्या मांडीवर आले. ही मंडळी ठराविक संख्येने निघतात, संपतात, आणि मग ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांच्या स्वप्नांत राहू लागतात.

ती मिळविण्याचा विधी मोठा गमतीचा आहे. मालाची किंमत देण्याची तयारी असून भागत नाही; ती देण्याचा अधिकार आधी सोडतीत मिळवावा लागतो. नाव नोंदवावयाचे, ठरल्या दिवशी निकाल पाहावयाचा, आणि बहुधा 'या वेळी योग आला नाही' अशा अर्थाचे अत्यंत विनयशील उत्तर वाचावयाचे. आम्ही त्या फुलासाठी सात वेळा नाव नोंदविले आणि आठव्या वेळी आमचा नंबर लागला. त्या दिवशी आम्हांला जो आनंद झाला तो मॅट्रिकच्या निकालानेही झाला नव्हता. नाकानो ब्रॉडवे या १९६६ सालच्या इमारतीत मुराकामींचे दुकान आहे, आणि त्याच इमारतीत जुन्या व दुर्मिळ वस्तूंची खरेदीविक्री करणाऱ्या 'मान्दाराके'ची कितीतरी दालने आहेत. एका छपराखाली वस्तू जन्मास येते आणि त्याच छपराखाली तिचा बाजारभाव ठरतो, अशी ही सोय!

हा बाजारभाव म्हणजेच आमच्या पिशव्यांचे कुलूप होय. पिशवी फोडली की किंमत उतरते. कानाला टाचलेले लेबल कापले की आणखी उतरते. आणि हाताचा मळ लागला तर वस्तू 'वापरलेली' ठरून तिचे गोत्रच बदलते. शिवाय ऊन लागले तर रंग विटतो आणि ओझ्याखाली राहिले तर लव चेपते. म्हणून आमचे दहाही जीव अंधाऱ्या कपाटात, एकावर एक न ठेवता, शेजारी शेजारी बसविलेले आहेत. एखाद्या संस्थानिकाच्या मुलांना लाभणार नाही इतकी निगा त्यांना लाभते.

गेल्या दिवाळीत आमची चार वर्षांची पुतणी घरी आली होती. कपाट उघडे सापडताच ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने विचारले, "काका, हे सगळे कोणाचे?" आम्ही अभिमानाने म्हटले, "आमचे." "मग तुमच्याजवळ झोपतात का?" आम्ही नाही म्हटले. "मग कोणाजवळ झोपतात?" आम्ही निरुत्तर झालो. मालकीची एवढी सरळ व्याख्या आम्ही कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती.

तिच्या प्रश्नाला बगल देणारी उत्तरे आमच्याजवळ नव्हती असे नाही. संग्राहक कोणतीही वस्तू तिच्या नित्याच्या कामातून मुक्त करतो. टपालाचे कोरे तिकीट पत्रावर चिकटत नाही, आणि म्हणूनच ते जपले जाते. निगो स्वतःही मोठा संग्राहक. २०१९ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा कॉज या अमेरिकन कलावंताच्या एका चित्राला साडेअकरा कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किंमत आली. परंतु विचार करता ही उदाहरणे आमच्या कामाची नव्हेत, हे ध्यानात येते. चित्र हे पाहण्यासाठीच असते. कोणी हात न लावता त्याचे जीवितकार्य पुरे होते. तिकीटही पाहूनच वाचता येते. २००१ साली मेडिकॉम टॉय या कंपनीने टोकियोतील एका प्रदर्शनात प्रेक्षकांना फुकट वाटलेले प्लॅस्टिकचे अस्वल 'बेअरब्रिक', तेही फळीवर उभे राहण्यापलीकडे काही मागत नाही. नुइगुरुमीचे तसे नाही. त्याचे कापड आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात, एका लहानशा फटीतून ते उलटवितात, त्याच फटीतून कापूस भरतात आणि मग ती फट हाताने टाके घालून मिटवितात. आतला कृत्रिम कापूस दाबला की दबतो आणि सोडला की पुन्हा फुगतो. एवढी सगळी यातायात एकाच गोष्टीसाठी केलेली असते: कोणीतरी त्याला कवटाळावे. न कवटाळलेले नुइगुरुमी म्हणजे कधीच न उघडलेले पत्र होय. पाकीट कितीही सुरेख असो!

आणि या विचाराला उत्तर द्यावे तसे एक स्थळ हाराजुकूतच आहे. रेल्वे स्थानकाच्या एका अंगाला दुकानांच्या गल्ल्या, तर दुसऱ्या अंगाला १९२० साली स्थापन झालेल्या मेइजी देवस्थानाचे गर्द वन. या देवस्थानात ऑक्टोबर महिन्यात बाहुल्यांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा उत्सव होतो. घरोघरचे लोक आपल्या जुन्या बाहुल्या आणि कापसाचे प्राणी घेऊन येतात. मंदिरासमोर त्यांच्या रांगा लागतात. पुरोहित विधी करतात आणि इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल आभार मानून त्यांना निरोप दिला जातो. आपण खंडेनवमीला हत्यारांना गंध लावतो, त्याच जातीची ही भावना. जे राबले त्याला नमस्कार! त्या रांगांत रंग उडालेली, कान लोंबणारी, कोणा पोराच्या लाळेने लव झडलेली अस्वले बसलेली असतात. बाजारात त्यांना कोणी कवडीही देणार नाही. परंतु त्यांच्यापुढे मान लवविणाऱ्या मोठ्या माणसांचे चेहरे पाहावेत.

आमच्या कपाटातील कोणाला तेथे नेता येईल? आल्यापासून पिशवीतच राहिलेल्या विकचे आम्ही कशाबद्दल आभार मानणार? भाव राखल्याबद्दल? त्यासाठी देवस्थान नको, पेढी पुरे. 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांचा अर्थ आम्ही आजवर संख्येत शोधीत होतो. वास्तविक प्रत्येक मऊ खेळणे मर्यादितच असते. कारण त्याला बिलगणारे बालपण मर्यादित असते. पाचशे नगांची आवृत्ती पुन्हा काढता येईल. चार वर्षांच्या मुलीची दुसरी आवृत्ती निघत नाही.

अकरापैकी दहा पिशवीत आहेत, असे आम्ही वर लिहिले आहे. अकरावे, म्हणजे आठव्या सोडतीत लाभलेले ते फूल, सध्या पुतणीच्या अंथरुणात असते. त्याचे लेबल तिने दातांनी तोडले, आणि एका पाकळीवर आमरसाचा डाग पडला आहे. उरलेल्या दहांच्या पिशव्या फोडण्याइतके औदार्य आमच्या अंगी अद्याप आलेले नाही. संग्राहकाचा स्वभाव एका दिवाळीत पालटत नाही. परंतु त्या फुलाची किंमत विचारणाऱ्यांना आम्ही आता 'विकावयाचे नाही' एवढेच सांगतो, आणि कपाटातल्या दहांपैकी कोणाची किंमत सांगताना मात्र आमचा आवाज पूर्वीइतका चढत नाही.