नातवाचे टपाल

मी ३२ वर्षे पोस्टमन होतो. निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला तीन महिने राहून आलो. तिथे माझ्या अकरा वर्षांच्या नातवाने मला पुन्हा टपालाच्या कामाला लावले.

त्याला बेसबॉलचे वेड. आपल्याकडे क्रिकेट, तसा तिकडे बेसबॉल. खेळाडूंची पत्त्याएवढी जाड कागदाची कार्डे मिळतात. पुढे फोटो, मागे खेळाचे आकडे. पुष्कळ मुले ती जमवतात. आमचा नातू मात्र कार्ड टपालाने थेट खेळाडूला पाठवतो आणि सही करून परत मागतो. सोबत हाताने लिहिलेले चार ओळींचे पत्र आणि स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेला लिफाफा. आपल्या जोडकार्डासारखीच तऱ्हा. फेब्रुवारी-मार्चमध्ये संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोनात सरावाला जातात. तेव्हा खेळाडूंना थोडी सवड असते, म्हणून तिथल्या मैदानाच्या पत्त्यावर पत्रे टाकायची. कुणाची सही महिन्यात येते, कुणाची वर्षाने, कुणाची कधीच नाही. हा वहीत तारखा मांडतो आणि रोज पेटी उघडून बघतो.

एके दिवशी लिफाफा आला. वर त्याचेच अक्षर. आत कार्ड जसेच्या तसे, सही नाही. पोराचे तोंड उतरले. "आजोबा, आता मी कुणालाच लिहिणार नाही," म्हणाला.

मला माझे गाव आठवले. आमच्या वस्तीचे टपाल आणणारा माणूस वेशीवरच थांबायचा. विटाळ नको म्हणून पत्र लांबूनच मातीत टाकायचा. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. त्यांचे पत्र आई मातीतून उचलायची, पदराने पुसायची आणि मग वाचून दाखवणारा शोधायची. मी पोस्टमन झालो तो त्याच आठवणीने. एकही पत्र फेकले नाही, प्रत्येक हातात दिले. हे सारे मी नातवाला सांगितले.

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने डब्यातून एक कार्ड काढले आणि मला त्याची गोष्ट सांगितली. हँक ॲरन हा काळा खेळाडू. १९७३ साली तो बेब रूथ या गोऱ्या खेळाडूचा ७१४ होमरनचा विक्रम मोडायच्या बेतात होता. त्या एका वर्षात त्याला सुमारे ९ लाख ३० हजार पत्रे आली. कितीतरी पत्रांत शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या. ही गोष्ट बाहेर कळली, तेव्हा पाठिंब्याच्या पत्रांचीही रीघ लागली. ८ एप्रिल १९७४ ला त्याने विक्रम मोडला. ती विषारी पत्रे त्याने जाळली नाहीत, जपून ठेवली. २०२१ मध्ये तो गेला.

मी त्या पोत्यांचा विचार करत राहिलो. शिवीलाही तेवढेच तिकीट लागते, शाबासकीलाही तेवढेच. पोत्यात काय भरायचे, ते लिहिणाऱ्याच्या हातात असते.

१४ एप्रिलला लेकीच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. मी नातवाला सांगितले, १९४६ साली बाबासाहेबांनीही अमेरिकेत एक पत्र लिहिले होते, काळ्या समाजाचे विद्वान ड्यू बॉइस यांना. दोघांची भेट झालेली नव्हती. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या. ड्यू बॉइस यांनी उत्तर धाडले.

"म्हणजे त्यांनीपण ओळख नसताना लिहिले?" नातवाने विचारले आणि त्याच रात्री तो नवे पत्र लिहायला बसला.

बंधु-भगिनींनो, आपल्याही मुलांना एखाद्या खेळाडूला, लेखकाला, कार्यकर्त्याला पत्र लिहायला बसवा. अक्षर स्वच्छ, पत्ता पूर्ण, उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा. उत्तर येईल न येईल. पण आपणही कुणाला विचारू शकतो, हे मुलांना कळेल.

नातवाचे उत्तर अजून आलेले नाही. तारीख मात्र वहीत मांडलेली आहे. जयभीम!